'जूनटीन्थ'ची सरकारी सुट्टी : नियोक्ता म्हणून शासनाची भूमिका

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला परका नाही. मात्र त्या मुक्तीचे स्मरण करणारा दिवस अमेरिकेच्या संघराज्य शासनाने सुट्टी म्हणून मान्य केला तो २०२१ मध्ये. शासनाने नियोक्ता या नात्याने दिलेल्या या मान्यतेचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची मुक्तिघोषणा १ जानेवारी १८६३ रोजी निघाली. ती बंडखोर राज्यांतील गुलामांपुरतीच होती आणि तिची अंमलबजावणी संघराज्याच्या सैन्यावर अवलंबून होती. टेक्सासमध्ये १९ जून १८६५ रोजी मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हस्टन येथे 'सामान्य आदेश क्रमांक ३' जाहीर केला. त्या वेळी टेक्सासमध्ये सुमारे अडीच लाख माणसे गुलामीत होती. 'जून' आणि 'नाइन्टीन्थ' या शब्दांच्या जोडातून 'जूनटीन्थ' हे नाव रूढ झाले. देशभरातील गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने. तिनेही गुन्ह्याची शिक्षा म्हणून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या श्रमाचा अपवाद ठेवला.

ग्रेंजर यांच्या आदेशाचा आशय श्रमसंबंधांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मालक आणि गुलाम हे नाते यापुढे नियोक्ता आणि मजूर असे राहील, असे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर मुक्त झालेल्यांनी आहे त्याच ठिकाणी राहून मजुरीवर काम करावे, रिकामे बसणाऱ्यांना आधार मिळणार नाही, अशी समजही त्यात होती. म्हणजे टेक्सासमध्ये स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या सरकारी कागदातच मुक्त माणसाच्या विश्रांतीविषयी संशय होता.

लोकोत्सवाकडून शासकीय सुट्टीकडे

१८६६ पासून टेक्सासमधील कृष्णवर्णीय समाज हा दिवस स्वतःच्या बळावर साजरा करू लागला. ह्यूस्टन येथे १८७२ मध्ये वर्गणी काढून याच उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेण्यात आली. तीच आजची 'इमॅन्सिपेशन पार्क' होय. शासकीय मान्यतेला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. विधिमंडळ सदस्य अल एडवर्ड्स यांचे विधेयक १९७९ मध्ये संमत झाले आणि १९८० पासून टेक्सासमध्ये ही राज्य-सुट्टी झाली. तथापि, त्या दिवशी तेथील राज्य कार्यालये पूर्णतः बंद नसतात. कामकाज चालेल इतके कर्मचारी हजर ठेवले जातात. जॉर्ज फ्लॉईड यांच्या मे २०२० मधील हत्येनंतर व्हर्जिनिया व न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी आपापल्या राज्य-कर्मचाऱ्यांना या दिवशी पगारी सुट्टी जाहीर केली. जून २०२१ मध्ये सिनेटने एकमताने, तर प्रतिनिधिगृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी विधेयक संमत केले. १७ जून रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. १९ जूनला शनिवार असल्याने बहुतेक संघराज्य कर्मचाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, सुट्टी मिळाली. टपाल खात्याला मात्र इतक्या अल्पावधीत काम थांबवणे शक्य झाले नाही.

मान्यतेची व्याप्ती व मर्यादा

अमेरिकेत संघराज्याची सुट्टी प्रत्यक्षात संघराज्याच्या कर्मचाऱ्यांनाच लागू होते. राज्ये व खाजगी आस्थापना आपापला निर्णय घेतात. म्हणून राज्य, नगरपालिका वा सार्वजनिक विद्यापीठ यांपैकी प्रत्येकाची मान्यता हा स्वतंत्र निर्णय ठरतो. पगारी सुट्टीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. त्यामुळे ही मान्यता केवळ शाब्दिक राहत नाही. परंतु त्याच कार्यालयात स्वच्छता वा पहाऱ्याचे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला ती आपोआप मिळत नाही. त्याचा हक्क कंत्राटाच्या अटींवर ठरतो.

निष्कर्ष

ज्या शासनसंस्थेच्या कायद्यांनी माणसाचा श्रम बिनमोल हिरावून घेण्यास संरक्षण दिले होते, तीच आता त्या अन्यायाच्या समाप्तीचे स्मरण म्हणून काम न करता वेतन देते. १८६५ च्या आदेशाने नाकारलेली विश्रांती १५६ वर्षांनी हक्क म्हणून मान्य झाली, हे या सुट्टीचे खरे मोल होय. मात्र तो हक्क हजेरीपटावर नाव असणाऱ्यापुरताच राहिला, तर हे स्मरण अपुरे ठरेल. अशा सुट्टीचे मूल्यमापन करताना तिच्या घोषणेइतकेच, त्या दिवशी कामावर कोण आहे आणि कोणत्या मोबदल्यावर आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे.