निळ्या धुराचे निदान

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या बेळगावच्या घरी उभी आहे. याच गाडीतून ते खेडोपाडी रुग्ण पाहावयास जात. तिचे 1089 सी.सी.चे इंजिन त्यांच्या हयातीतच एकदा बोअर झालेले. गतवर्षी पावसाळ्यानंतर ती धूर ओकू लागली आणि मी तत्काळ निदान करून मोकळा झालो : रिंगा गेल्या, पुन्हा बोअर करावे.

आमच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी बॉनेटदेखील उघडले नाही. "डॉक्टरसाहेब, धूर कोणत्या रंगाचा? आणि येतो केव्हा?" पूर्वेतिहास विचारण्याचे माझे काम ते करीत होते आणि मी रुग्णाच्या नातेवाइकासारखा चाचरत उत्तरे देत होतो.

काळा धूर असेल तर पेट्रोल अधिक जाते, कार्बुरेटर पाहावा. पांढरा व न विरणारा असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. (थंडीतल्या सकाळची वाफ निराळी.) निळा धूर म्हणजे ऑईल जळते. आमचा निळाच होता. पण ऑईलला वाटा दोन. चढावर जोर देताना सतत धूर येत असेल, तर ते झिजलेल्या रिंगांवाटे खालून चढते. मला आठवला तो आंबोलीचा घाट. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलो आणि पायथ्याशी तो दाबताच मागे निळा लोट उठला. परतताना, चढावर, काहीच नव्हते. मिस्त्री म्हणाले, थ्रॉटल मिटलेला असताना इनलेटमध्ये ओढ वाढते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑईल वरून शोषले जाते.

तरीही तपासणी त्यांनी केलीच. गरम इंजिनाचे चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. आकडे जवळपास सारखे. मग प्रत्येक सिलिंडरात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजले. रिंगांची फट असती, तर त्या ऑईलने ती क्षणभर बुजून आकडा चढला असता. तो फारसा चढला नाही.

बोअर करताना सिलिंडरचा खरवडलेला धातू परत येत नाही. आधीच एकदा खरवडलेल्या त्या इंजिनावर मी विनाकारण ही शस्त्रक्रिया करविणार होतो!

हेड उतरवून गाइड आणि व्हॉल्व्ह तेवढे बदलले. दिवाळीनंतर पुन्हा आंबोली उतरलो; धूर पाहण्यासाठी मुलगा मोटारसायकलवर मागे होता. पायथ्याशी मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात पाहिले. तो नकारार्थी हात हलवीत हसत होता. संपखाली ऑईलचा थेंब मात्र अजून गळतो. त्याला हात लावावयास मिस्त्री तयार नाहीत.