गृहपरिसरातील फर वृक्ष : जातींची निवड आणि संवर्धन

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील रोपवाटिकांमध्ये डिसेंबर महिन्यात 'ख्रिसमस ट्री' या नावाने जे रोप विकले जाते, ते बहुधा अरॉकेरिया प्रजातीचे असते. दक्षिण गोलार्धातील नॉरफोक बेटावरून जगभर पोहोचलेल्या या वृक्षाचा खऱ्या फर वृक्षाशी निकटचा संबंध नाही. फर म्हणजे पायनेसी कुलातील 'एबीस' ही प्रजाती होय. उत्तर गोलार्धातील थंड व पर्वतीय प्रदेशांत, हिमालयासह, तिच्या सुमारे ५० जाती आढळतात. तथापि घराच्या आवारात शोभेसाठी फर लावण्याची प्रथा प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील, विशेषतः मिशिगन, ओहायो व इलिनॉय या राज्यांतील गृहपरिसर डोळ्यांसमोर ठेवून या वृक्षाच्या निवडीचे व संवर्धनाचे विवेचन केले आहे. मराठी कुटुंबेही या राज्यांत स्थायिक झालेली असल्याने हा विषय मराठी वाचकास अगदीच परका नाही.

फर वृक्षाची ओळख :

फर व स्प्रूस यांत नेहमी गल्लत होते. फरची सूचीपर्णे चपटी व बोटांना मऊ लागणारी असतात, तर स्प्रूसची बहुधा चौकोनी व टोचणारी असतात. फरचे पान गळाल्यावर डहाळीवर गोल, गुळगुळीत व्रण उरतो. स्प्रूसच्या डहाळीवर मात्र खुंट राहिल्याने ती खरखरीत लागते. शंकूंवरून ओळख अधिक निश्चित होते. फरचे शंकू फांदीवर ताठ उभे असतात आणि पक्व झाल्यावर झाडावरच खवलाखवलाने विखुरतात. त्यामुळे फरखाली अखंड शंकू सहसा सापडत नाही. 'डग्लस फर' हा वृक्ष नावाने फर असला तरी त्याची प्रजाती वेगळी आहे व त्याचे शंकू खाली लोंबतात.

विज्ञान महाविद्यालयांतील जुन्या प्रयोगशाळांत कायमस्वरूपी काचपट्ट्या तयार करण्यासाठी वापरले जाणारे 'कॅनडा बाल्सम' हे बाल्सम फरच्या सालीतून मिळणारे राळयुक्त द्रव्य आहे. झाड कधी न पाहिलेल्या अनेक विद्यार्थ्यांचा फरशी असा परिचय झालेला आहे.

जमीन व निचरा :

निवडीचा विचार रोपवाटिकेतील झाडाच्या आकारापासून सुरू होतो, हीच मूळ अडचण आहे. तो आवारातील जमिनीपासून सुरू व्हावयास हवा. फरला साधारणपणे ५ ते ६.५ सामू असलेली आम्लधर्मी व उत्तम निचऱ्याची जमीन मानवते. मध्य-पश्चिमेतील अनेक नव्या वसाहतींत याच्या नेमके उलट चित्र असते. घर बांधताना वरची सुपीक माती निघून जाते, अवजड यंत्रांनी खालची चिकणमाती दाबली जाते आणि तिच्यावर हिरवळीचा पातळ थर अंथरला जातो. अशा जमिनीत खोदलेला खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो.

साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा प्रादुर्भाव होतो. त्याचे बीजाणू मातीतील पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात व मूळकूज सुरू होते. विदर्भातील संत्र्यावरील डिंक्या रोगास कारणीभूत असणारी प्रजाती ती हीच. सूचीपर्णे निस्तेज होऊन तांबूस दिसू लागतात, तोपर्यंत बरीचशी मुळे नष्ट झालेली असतात आणि घरगुती पातळीवर त्यावर खात्रीचा इलाज राहत नाही.

म्हणून झाड विकत घेण्यापूर्वीच एक साधी चाचणी करावी. सुमारे ३० सें.मी. खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरून पाहावे. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी ताशी २.५ सें.मी.पेक्षा कमी वेगाने उतरत असेल, तर ती जागा फरसाठी योग्य नाही. उंचवटा करून लागवड करणे हा एक उपाय आहे. परंतु जमीन सदैव ओलसर राहत असेल तर फरचा हट्ट सोडून थुजा ऑक्सिडेंटॅलिससारखा ओल सहन करणारा सदाहरित वृक्ष लावणेच शहाणपणाचे ठरते.

जातींची निवड :

फ्रेझर फर हा नाताळच्या बाजारातील लाडका वृक्ष. त्याचा डौल, सुगंध व तोडल्यानंतरही पाने टिकून राहण्याचा गुण यांमुळे तो आवारातही असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे मूळ स्थान दक्षिण ॲपलाचियन पर्वतरांगांच्या धुकट, थंड शिखरांवर आहे. तेथील उतारांवर पाणी थांबत नाही. सपाट आवारातील चिकणमातीत हाच वृक्ष मूळकुजीस सर्वप्रथम बळी पडणाऱ्यांपैकी असतो. अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व भागात त्याचे कलम जपानच्या मोमी फरच्या खुंटावर करण्यात येते, कारण मोमी फर उष्णता व हा रोग बऱ्याच अंशी सहन करतो.

बाल्सम फर कडाक्याच्या थंडीत टिकतो व ओलसर जमीनही सोसतो. मात्र उष्ण व कोरडा उन्हाळा त्यास मानवत नाही. मिशिगनच्या उत्तर भागात तो शोभतो, दक्षिण ओहायोत रखडतो.

या भूभागातील सर्वसाधारण आवारासाठी कॉनकलर फर ही जाती निःसंशय सरस होय. पश्चिम अमेरिकेच्या पर्वतांतून आलेला हा वृक्ष इतर फरच्या तुलनेत उष्णता व अवर्षण अधिक सहन करतो. त्याची निळसर, लांब सूचीपर्णे चुरगळल्यास लिंबूवर्गीय फळांसारखा वास येतो. पर्णगळ रोगाने निळा स्प्रूस विद्रूप होऊ लागल्यापासून पर्याय म्हणून त्याचीच शिफारस केली जाते. साचलेले पाणी मात्र यासही चालत नाही. आवारात तो १० ते १५ मीटर उंच व ५ ते ९ मीटर रुंद होतो, ही गोष्ट दीड मीटरचे रोप पाहताना कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

लहान आवारासाठी कोरियन फर विचारात घ्यावा. तो सावकाश वाढतो आणि पुरुषभर उंचीचा होण्याआधीच त्यावर जांभळट-निळे शंकू येतात.

लागवड व निगा :

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, अधिक खोल मात्र नसावा. खोडाचा बुंधा जेथे पसरट होऊन मुळे फुटतात, तो भाग जमिनीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. आच्छादन ५ ते १० सें.मी. जाडीचे, खोडास न भिडणारे असावे. रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले जाते. त्याचे शिंतोडे पोहोचतील अशी जागा टाळावी.

हिवाळ्यात जमीन गोठल्यावर मुळांना पाणी घेता येत नाही, पण ऊन व वारा सूचीपर्णांतील ओलावा ओढून घेत राहतात आणि पाने करपतात. कोवळ्या झाडास शरद ऋतूत, जमीन गोठेपर्यंत, पाणी देत राहणे हाच त्यावरील उपाय होय. छाटणीचा मोह शक्यतो टाळावा. पाने नसलेल्या जुन्या लाकडावर फरला नवे धुमारे फुटत नाहीत, म्हणून गवत कापण्याच्या सोयीसाठी तोडलेल्या खालच्या फांद्या पुन्हा कधीही येत नाहीत.

किडींपैकी बाल्सम वुली ॲडेल्जिड हा युरोपातून आलेला माव्यासदृश कीटक सर्वांत घातक आहे. उत्तर कॅरोलिनातील माउंट मिचेलवर तो १९५७ मध्ये आढळला आणि पुढील दशकांत दक्षिण ॲपलाचियनमधील बहुसंख्य प्रौढ फ्रेझर फर त्याने संपविले. २०२१ मध्ये तो मिशिगनमध्येही आढळून आला आहे. खोडावर कापसासारखे पांढरे ठिपके किंवा डहाळ्यांच्या सांध्यांवर सूज दिसल्यास राज्याच्या कृषी विभागास कळविणे आवश्यक आहे.

काही कुटुंबे मुळासकट आणलेला फर नाताळात घरात ठेवतात व नंतर आवारात लावतात. असे झाड उबदार खोलीत ७ ते १० दिवसांपेक्षा अधिक ठेवल्यास त्याच्या कळ्या जाग्या होऊ लागतात व बाहेर नेताच थंडीने मरतात. खड्डा मात्र जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरमध्येच खणून ठेवावा लागतो आणि त्यातून निघालेली माती गोठणार नाही अशा ठिकाणी, मोटारखान्यात वा तळघरात, झाकून ठेवावी लागते.