कुत्र्याने धरलेली कोंबडी वाचते
कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी मान टाकून बसली की घरात आधी सुरी शोधतात. जरा थांबा. जखमेइतकीच ती धसक्यानेही मरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरायचं, मग खोक्यात, अंधारात, उबेला ठेवायचं. चोचीत पाणी ओतू नये. वाटी समोर ठेवावी. सावरली की पंखाखाली पिसं बाजूला करून बघा. दातांची भोकं बारीक दिसतात, पण खोल असतात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून आम्ही जखम धुतो, पोव्हिडोन आयोडीन लावतो. माश्या बसल्या की अळ्या पडल्याच! खपली धरेपर्यंत बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, त्या रक्तावरच टोचतात. खोल जखमेला जनावरांचा दवाखानाच बरा. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारा.