सोड म्हणणारा हात

गोवंडीत शिवाजीनगरच्या एका गल्लीत, जरीकामाच्या गाळ्यावर, पत्र्याखाली एक लांबट खोली आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळ्या मॅट अंथरलेल्या, दाराशी चपलांचा ढीग. मी गेलो तेव्हा विशीतली दोन पोरं झटत होती. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर पकड घेतली, पाय त्याच्या पोटाभोवती अडकवले आणि उजवा हात गळ्याखालून सरकवला. खालच्याचा चेहरा बघताबघता तांबडा झाला, कपाळावरची शीर वर आली. आता कुणीतरी ओरडायला हवं, असं मला वाटलं. तेवढ्यात खालच्याचा तळहात वरच्याच्या दंडावर दोनदा पडला. हलकेच, शेजारच्याचं दार वाजवावं तसा. त्याच क्षणी गळ्याभोवतीचा विळखा सुटला.

याला ही पोरं 'टॅप' म्हणतात. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा खेळ की नुसती मारामारी, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला त्या दोन थापटांमध्ये दिसतं.

हा प्रश्न तिथे माझ्याआधी एका आईने विचारला होता. एकोणीस वर्षांच्या मुलाला सोडायला आली होती. "सर, गल्लीत मारामाऱ्या करतो म्हणून इथं आणला. आणि तुम्ही तेच शिकवता?" प्रशिक्षकाने वाद घातला नाही. "ताई, पाच मिनिटं बसा, बघा," एवढंच म्हणाला आणि तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. मीही तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.

आधी त्या विळख्यात काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण ते फार थक्क करणारं आहे. बघणाऱ्याला वाटतं श्वास कोंडला. प्रत्यक्षात पकड नीट बसली तर श्वासनलिकेवर जवळपास दाबच येत नाही. वरच्याचं कोपर खालच्याच्या हनुवटीखाली येतं. दंड मानेच्या एका बाजूला, कोपरापुढचा हात दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खोबणीत श्वासनलिका मोकळी राहते. दाब येतो तो मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांवर. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि शिल्लक म्हणून जवळपास काहीच ठेवत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू पुरत्या बंद झाल्या तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. थापटायला मिळतात ते मधले काही सेकंद. ज्याच्या हातात गळा आहे त्याचं सगळं लक्ष तेव्हा समोरच्याच्या तळव्याकडे असावं लागतं. हे घरी भावंडांवर करून बघण्यासारखं अजिबात नाही. त्या खोलीतसुद्धा प्रशिक्षक दोन हातांच्या अंतरावर उकिडवा बसलेला होता.

आता गल्लीतलं भांडण आठवा. तिथे हरणाऱ्याने कितीही थापटलं तरी ते कधी थांबायचं हे तो ठरवू शकत नाही. मारणारा दमेपर्यंत, बघे ओढून काढेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत ते चालतं. मॅटवर नेमकं उलटं आहे. लढत संपवण्याची किल्ली हरणाऱ्याच्या हातात, आणि जिंकणाऱ्याने ती निमूटपणे मानायची.

आपल्या कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे, आणि तो किती साध्या शब्दांत मांडलाय हे वाचून मी चकित झालो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये एक उदाहरण होतं. दोघे जण मौजेखातर तलवारबाजी खेळायचं ठरवतात. खेळात लबाडी न करता जी इजा होईल ती सोसायला दोघांची संमती आहे असं धरलं जातं. एकाने नियमाने खेळताना दुसऱ्याला लागलं तर तो गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेत तेच आता कलम २५ आहे. अट अशी की संमती देणारा अठराच्या वरचा हवा, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नको, ती होण्याची शक्यता आहे याची जाणीवही नको. म्हणजे एकच ठोसा, रस्त्यावर गुन्हा आणि ठरलेल्या खेळात खेळ. मधे उभं असतं ते दोघांनी आधी मान्य केलेलं काहीतरी.

एमएमएने ते 'काहीतरी' फार उशिरा शोधलं. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हर शहरात यूएफसी या एमएमए स्पर्धामालिकेतली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. चावायचं नाही, डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, अशी मोजकी बंधनं. ती जिंकली ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने. अंगाने तो इतरांपुढे किडकिडीत, पण गडी जमिनीवर आणून विळख्यात घ्यायचं कसब त्याच्याकडे होतं. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी दारं बंद केली. कोकणात झुंजी बघितलेल्या माणसाला ती उपमा झटकन पटेल. पण कोंबड्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि त्याला थापटताही येत नाही.

मग नियम आले. न्यू जर्सी राज्यातून २०००-०१ च्या सुमारास जी एकसमान नियमावली रुजली, तीच आज बहुतेक ठिकाणी पाळतात. वजनगट ठरले, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या, किताबाच्या लढतीला पाच. डोक्याने धडक, गळ्याच्या घाटीवर मार, पाठीच्या कण्यावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसा, पडलेल्याच्या डोक्याला लाथ, एकेकटं बोट पिळणं, हे सगळं बाद. गडी अकलेने बचाव करेनासा झाला की पंचाने मधे पडायचं. पुढे मॅकेन यांनीही सुधारणा झाल्याचं मान्य केलं. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांच्या कार्यक्रमात तर एमएमएला जागा मिळाली आहे.

महाराष्ट्राला यातलं अर्धं आधीपासून येतं. मॅटवरचा तो मुलगा समोरच्याच्या दोन्ही पायांत घुसून त्याला उचलून आपटतो, त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, तो आपला दुहेरी पट. पाठीवर स्वार होऊन पाय अडकवणं ही सवारी. यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरलेला पहिला भारतीय, भरत खंडारे, महाराष्ट्राचा आणि मुळात कुस्तीतला. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत घेतलं आणि खंडारेला हार मानावी लागली. ती लढत बघताना वाईट वाटलं, आणि एक गोष्ट लख्ख दिसली. मातीत गळ्याची ती पकड नसते. पटात घुसताना मान पुढे राहिली तर मातीत फार बिघडत नाही, इथे तिथेच सगळं संपतं.

कुस्तीने मारामारीचा खेळ करण्याचा निराळाच मार्ग काढला होता, आणि मला तो आजही अप्रतिम वाटतो. दोन्ही खांदे मातीला लागले की संपलं. चीतपट. हरलेल्याला दुखलेलं असेल-नसेल, शरण यायची गरजच नाही. निकाल जमीन देते. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, रोमचं जुनं क्रीडागार पाहून त्यांना कोल्हापुरात खासबाग बांधायची कल्पना सुचली असं सांगतात. ते मैदान १९१२ साली पुरं झालं. रोमच्या त्या रिंगणात माणसं मरायची. इथल्या हौद्यात गडी पाठीवर पडला की जिंकणाराच हात देऊन त्याला उठवतो.

पण मातीच्या या रीतीत एक जागा मोकळी राहिली होती, आणि ती डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत उघडी पडली. गामा पहिलवानाचा पुतण्या अक्रम पहिलवान जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढला. त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत इनोकी मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या लढून बरोबरीत सुटला होता. कराचीत त्याने अक्रमचा हात पिरगळून धरला. अक्रमने हार मानली नाही. ज्या घराण्यात, ज्या मातीत तो वाढला तिथे 'सोड' म्हणायची चालच नव्हती. हात जायबंदी झाला तेव्हा लढत थांबली. त्या माणसाच्या धैर्यापुढे मी मान लववतो. तरीही वाटतं, दोन थापटांची रीत त्याच्या कानावर लहानपणापासून असती तर तो हात वाचला असता.

इथवर माझं मन स्वच्छ आहे. ठोशांपाशी येऊन ते अडतं.

एमएमएचे हातमोजे ४ औंसांचे, बोटं उघडी. बॉक्सिंगचे ८ किंवा १० औंसांचे, गुबगुबीत. साहजिकच वाटतं की जाड मोजा दयाळू. पण मोजा मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतो. हात वाचला की डोक्यावर जास्त वेळा, जास्त जोराने मारता येतं. शिवाय बॉक्सिंगमध्ये पडलेला गडी दहा आकड्यांच्या आत उठून पुन्हा मार खायला उभा राहतो. एमएमएत असे आकडे मोजत नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतींनंतरच्या तपासण्यांची दहा वर्षांची नोंद तपासली आणि २०१६ मध्ये छापली. काही ना काही इजा झालेले एमएमएवाले ५९.४ टक्के होते, बॉक्सर ४९.८ टक्के. पण शुद्ध हरपलेले एमएमएत ४.२ टक्के आणि बॉक्सिंगमध्ये ७.१ टक्के. रक्त जास्त, बेशुद्धी कमी. रक्त डोळ्यांना दिसतं म्हणून आपण पिंजऱ्याला रानटी ठरवतो आणि ऑलिंपिकमधल्या बॉक्सिंगपुढे टाळ्या वाजवतो, हे मला न्याय्य वाटत नाही.

तरीही ४.२ म्हणजे शून्य नव्हे. हनुवटीला ठोसा लागून गडी कोसळतो, आणि पंच पोहोचायच्या आत त्याच्या डोक्यावर आणखी एक-दोन बसतात. त्या अर्ध्या सेकंदात त्याला थापटता येत नाही. ज्या किल्लीमुळे मी याला खेळ म्हणतो ती तेव्हा त्याच्या हातात नसते, पंचाच्या नजरेत असते, आणि नजर अर्धा सेकंद मागे पडते. एमएमए हा खेळ आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या अर्ध्या सेकंदाची मात्र मला भीती वाटते. गोवंडीच्या त्या खोलीत सराव करताना डोक्यावर पूर्ण ताकदीने मारायची मनाई आहे, हे ऐकून बरं वाटलं.

मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो एम-पूर्व वॉर्ड शहरात सगळ्यांत तळाला होता. इथल्या पोराचं नाव भांडणात आलं की पुढचं सगळं लोक आधीच गृहीत धरतात. म्हणून त्या आईचा प्रश्न मला हलका वाटला नाही, आणि ती काय बघते आहे याकडे माझं अधूनमधून लक्ष जात होतं.

तिचा मुलगा मॅटवर उतरला. समोरचा त्याच्याहून सडपातळ, चष्मा काढून ठेवलेला. दोन मिनिटांत त्याने याला खाली घेतलं आणि हात कोपरातून सरळ ताणायला लागला. मुलाने दात आवळले. मान आईकडे वळली, परत फिरली. "टॅप कर रे, हात मोडायचाय का?" प्रशिक्षक म्हणाला. आणखी क्षणभर गेला. मग त्याचा मोकळा तळवा मॅटवर पडला, एकदा, पुन्हा एकदा.

आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. पोरगं उठलं, कोपर चोळलं. मला वाटलं आता शिवी येणार.

"कसा घेतलास?" त्याने विचारलं.

सडपातळ मुलगा परत खाली बसला. याचं मनगट आपल्या छातीशी धरलं, अंगठा वरच्या बाजूला वळवला आणि सावकाश, मधे मधे थांबत, दाखवायला लागला.