एक हजार चारशे रविवार

म्दिना हे माल्टा बेटावरचं तटबंदीतलं जुनं गाव. १५३० मध्ये सेंट जॉनचे सरदार आले आणि त्यांनी बंदराकाठी मुक्काम ठोकला. तोवर बेटाची राजधानी हीच. आज तटाच्या आत तीनशे माणसंही राहत नाहीत. सयाजीगंजच्या स्टेशनात लागणाऱ्या एखाद्या गाडीचे स्लीपरचे चार डबे अख्ख्या गावाला पुरावेत. इथल्या गल्ल्या सुंदर आहेतच, पण बडोदेकराचे पाय थबकतात ते तटावर. तिथून चार-पाच किलोमीटरवर मोस्ता गावच्या चर्चचा घुमट दिसतो आणि भोवतीच्या घरांशी त्याचं प्रमाणच जुळत नाही.

घुमटाचं आपल्याला काय अप्रूप? स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की आर्ट्स फॅकल्टीचा घुमट समोर येतो. रॉबर्ट चिझमने त्याचा आराखडा केला तेव्हा सयाजीराव अजून अज्ञान होते. राज्याचा कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. नमुना होता विजापूरचा गोल घुमट. वर्गात जाणारी मुलं रोज त्या घुमटाजवळून जातात. त्यांनी एकदा तरी मान वर करून तो नीट पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

आता आकडे. रोमचं पँथिऑन आतून ४३.३ मीटर रुंद. गोल घुमट आतून सुमारे ३८ मीटर. मोस्ताचा घुमट सुमारे ३७. म्हणजे आदिलशहाच्या कबरीला आणि एका खेडेगावच्या चर्चला वेगळं करतो तो जेमतेम एक मीटर!

या मापांमागे ओझं किती असतं? गोल घुमटाची जाडी सुमारे तीन मीटर. अर्धगोल धरून ढोबळ हिशेब केला तर बांधकाम जवळपास ८,००० घनमीटर भरतं आणि वजन १४,००० टनांच्या घरात जातं. दहा टनी ट्रकांत भरायचं तर १,४०० ट्रक लागतील. हे सगळं ओझं खाली तर दाबतंच, शिवाय घुमटाच्या बुडाला बाहेरही रेटतं. विजापूरकरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घालून तो रेटा आवरला. मोस्ताने भिंतीच अवाढव्य केल्या, ठिकठिकाणी आठ-नऊ मीटर जाड.

मोस्ताचा आराखडा जॉर्जिओ ग्रोन्येचा, पँथिऑनवरून घेतलेला. पायाचा दगड बसला १८३३ मध्ये आणि काम उरकलं १८६० च्या सुमारास. मजुरीला बरेचसे हात गावकऱ्यांचेच, रविवारी आणि सणासुदीच्या सुट्टीत राबणारे. २७ वर्षांचे रविवार मोजा: १,४०४. दहाव्या वर्षी ज्या पोराने पहिले दगड वाहिले असतील, तो शेवटचा थर पाहताना सदतीस वर्षांचा बाप्या झालेला असणार.

आणि घुमटाला आतून आधाराची परांची नाही. माल्टाचा पिवळट चुनखडक करवतीने कापता येतो, इतका मऊ. त्याचे दगड गोलाकार थराने बसवत जायचे. एक थर पुरा जुळला की त्यातले दगड एकमेकांना दाबून धरतात, आत कोसळू शकत नाहीत; मग त्यावर पुढचा थर. जुनं चर्च तोवर आतच उभं होतं, तिथली प्रार्थनाही चालू होती. भोवती नवं चर्च चढत गेलं आणि काम झाल्यावर जुनं पाडून टाकलं.

९ एप्रिल १९४२ ला जर्मन विमानातून पडलेला एक बॉम्ब हा घुमट फोडून आत आला. खाली संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी अडीचशेहून अधिक माणसं जमली होती. बॉम्ब फरशीवर आदळला, पण फुटला नाही. घुमटाला भोक पडलं, तरी बाकीचे थर जागचे हलले नाहीत. तसल्या बॉम्बची प्रतिकृती आज चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलेली आहे.