तेरा आणि चौदाच का?

मी कला शाखेचा विद्यार्थी. गुणसूत्रांवर लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालणे, हे मला कळते. परंतु गेल्या वर्षी थोरल्या भावाच्या रक्ततपासणीचा कागद घरी आला आणि तो वाचणारा मी एकटाच होतो. वहिनीचा गर्भ तीनदा पडला होता. दोष अर्थातच तिच्या नावावर जमा होता. कागदात लिहिले होते की, दादाच्या पेशींत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे असून तेरावे व चौदावे एकमेकांस जोडलेले आहे.

तेरा आणि चौदाच का? शोधता शोधता कळले ते असे. १३, १४, १५, २१ व २२ या गुणसूत्रांचा एक बाहू अगदी आखूड असतो. प्रथिने जुळविणारी यंत्रे घडविण्याच्या सूचना त्या आखूड बाहूंवर असतात, आणि त्या कामासाठी हे बाहू पेशीकेंद्रात एकाच ठिकाणी गोळा होतात. पाणवठ्यावर रोज भेटणाऱ्या बायकांसारखे! शिवाय त्यांवरील मजकूर बराचसा सारखा. त्यामुळे तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातही चौदाव्यावरील एक भाग तेराव्याच्या मानाने उलटा लिहिलेला आहे. तेथे अदलाबदल झाली की दोन्ही लांब बाहू एकत्र जोडले जातात आणि आखूड बाहू गळून पडतात. अशी जोडणी रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने १९१६ साली प्रथम नाकतोड्यांत वर्णिली. माणसांत सुमारे हजारात एकाजवळ ती असते, आणि तीत तेरा-चौदाचीच जोडी सर्वांत अधिक.

नऊ व बावीस यांचीही अशी देवघेव होते. १९७३ साली जॅनेट राउली यांनी ती रक्ताच्या एका कर्करोगात दाखविली. ती मात्र रक्तपेशीत घडते, पुढच्या पिढीत जात नाही.

दादाची प्रकृती उत्तम आहे. गळालेल्या सूचनांच्या प्रती इतर गुणसूत्रांवर असतातच. अडचण येते ती बीज तयार होताना. वाटणी चुकली तर गर्भाला एक गुणसूत्र जास्त किंवा कमी मिळते, आणि असा गर्भ बहुधा टिकत नाही. वाटणी बरोबर झाली तर मूल निरोगी होते.

हे सारे मी घरी चुलीपुढे बसून सांगितले. आजीला पंचेचाळीस-सेहेचाळीसचा हिशेब पटला नाही. दादा काही न बोलता उठून गोठ्यात गेला. वहिनीने मात्र तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.