तेरावी कडी

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मियां-बीवी इंग्लंडला, ब्लॅकबर्नच्या नणंदेकडे गेलो होतो. भाच्याने मेटल डिटेक्टर घेतलेला. "मुमानी, ब्लॅकपूलला चला, सोनं शोधू!" किनाऱ्याच्या मालकाची परवानगी लागते, ती त्याने आधीच काढली होती.

ओहोटीला वाळूत उतरलो. वाटलं, यंत्र फिरवलं की सोनं बोलेल. कसलं काय! दांड्याखालच्या तबकडीचं चुंबकीय क्षेत्र धातूला लागलं की कानात सूर उमटतो. पण ओल्या खाऱ्या वाळूतूनही वीज वाहते, म्हणून पाण्याजवळ यंत्र उगीच ओरडत राहतं. मग लोक चादरी पसरून बसतात त्या कोरड्या वाळूत गेलो. तिथे वेगळीच गंमत. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी, दोघींचा सूर जवळपास एकच! दोन तासांत बारा कड्या खणल्या.

तेरावी समजून खणलं ती अंगठी निघाली. आत दोन अक्षरं आणि एक तारीख. आम्ही हरखलो, आणि लगेच एकमेकांकडे बघवेना.

सोन्याचांदीची ३०० वर्षांहून जुनी वस्तू सापडली, तर तिथे १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. ही तर अलीकडची, म्हणजे कुणाची तरी हरवलेली. लुकता! वर्षभर जाहीर करा, असं आपल्याकडे सांगितलंय. आमच्या परतीला नऊ दिवस उरले होते.

जबाबदारी भाच्याने घेतली. जाहिरातीत तारीख दिली नाही, खऱ्या मालकाने ती सांगावी म्हणून. इथेही लिहीत नाही. दर जुम्म्याला आम्ही फोन करतो. अजून कुणी आलेलं नाही.